साखरेचा ‘पोल’ ते पावसाचं रडार: लहरींची दिशा वळवणारा ‘मेटासरफेस’ म्हणजे नेमकं काय?

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘पोल’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. रसाचा पोल, बगॅसचा पोल, मळीचा पोल. धाराशिव जिल्ह्यात ढोकी, रांजणी, मुरूम या गावांची ओळखच साखर कारखान्यांशी जोडलेली आहे. गाळप सुरू झालं की अशा कारखान्यांत ही मोजणी रोजची. उसातून किती साखर आली, किती चिपाडातून आणि मळीतून निसटली, याचा हिशेब ‘पोल’वरून लागतो.

हा हिशेब शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. उसाचा दर उताऱ्यावर ठरतो. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर केलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त मिळतात.

‘पोल’ हे पोलरायझेशन या शब्दाचं लघुरूप. साखरेच्या पाण्यातून ठरावीक प्रकारचा प्रकाश गेला की त्याच्या लहरींची दिशा वळते आणि ती किती वळली यावरून साखर मोजली जाते. म्हणजे लहरीची दिशा फिरवण्याचं काम साखर कायमच करत आली आहे. गेल्या काही वर्षांत इंजिनिअर तेच काम एका पातळ, नक्षीदार पत्र्याकडून करून घेऊ लागले आहेत. प्रकाशावरच नाही, तर रडार, उपग्रह आणि मोबाईलच्या लहरींवरही. या पत्र्याला ‘मेटासरफेस’ म्हणतात.

साखरेचा कण आणि हा पत्रा यांच्यात साम्य काय? आणि दुष्काळ आणि अतिवृष्टी दोन्ही सोसणाऱ्या जिल्ह्याला याचा उपयोग काय? समजून घेऊया.

आधी एक गोष्ट स्पष्ट: हे राजकारणातलं ध्रुवीकरण नाही

पोलरायझेशनला मराठीत ‘ध्रुवीकरण’ म्हणतात. निवडणुकीच्या बातम्यांमुळे हा शब्द वेगळ्याच अर्थाने डोक्यात बसलाय. विज्ञानातला अर्थ त्याहून साधा आहे.

एका टोकाला बांधलेली दोरी दुसऱ्या टोकाने वर-खाली झटकली, तर दोरीतून उभी लाट पळते. डावी-उजवीकडे झटकली तर आडवी लाट पळते. दोन्ही लाटा पुढेच जातात, वेगही सारखाच, फक्त दोरी हलण्याची दिशा वेगळी. हाताने गोल फिरवत राहिलं तर दोरीतून मळसूत्रासारखी लाट जाते.

प्रकाश, टीव्हीचे सिग्नल, वायफाय, रडार या सगळ्या विद्युतचुंबकीय लहरी. त्यांच्यात दोरीऐवजी विद्युत क्षेत्र हलतं. ते उभं हलतंय, आडवं हलतंय, तिरकं हलतंय की गोल फिरतंय, याला त्या लहरीचं पोलरायझेशन म्हणतात.

आता हीच दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवली असं समजा. उभी लाट गजांच्या फटीतून सहज जाईल, आडवी लाट गजांना आपटून थांबेल. पोलराइज्ड गॉगल हेच करतो. रस्त्यावरून किंवा पाण्यावरून येणारी चमक बरीचशी आडव्या दिशेची असते, ती गॉगल अडवतो. असा गॉगल हातात धरून मोबाईल किंवा लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर हळूहळू फिरवला, तर बऱ्याच स्क्रीन एका ठिकाणी काळ्याकुट्ट दिसतात. कारण एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश आधीच एका दिशेचा असतो.

पण अडवणं वेगळं आणि वळवणं वेगळं. अडवलं तर लहरीतली ऊर्जा वाया जाते. वळवलं तर बरीचशी शिल्लक राहते. खरी कसब दिशा वळवण्यात आहे.

साखर प्रकाशाला कशी वळवते?

साखरेच्या रेणूला ‘हात’ असतो. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही, तसंच या रेणूचं आरशातलं प्रतिबिंब मूळ रेणूवर तंतोतंत बसत नाही. अशा पिळदार रचनेतून जाताना उजवीकडे गोल फिरणारी लहर आणि डावीकडे गोल फिरणारी लहर यांचा वेग किंचित वेगळा पडतो. सरळ रेषेत हलणारी लहर म्हणजे या दोन गोल लहरींची बेरीज. एक मागे पडली की बेरजेची रेषा तिरकी होते. आपल्याला दिसतं ते इतकंच, की प्रकाशाची दिशा वळली.

वळण किती येतं, याचं आंतरराष्ट्रीय माप ठरलेलं आहे. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केलं आणि ते २०० मिलिमीटर लांबीच्या नळीत भरलं, तर सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश सुमारे ३४.६ अंश वळतो. साखरेच्या मोजपट्टीवर यालाच १०० म्हणतात. नमुन्यात साखर कमी, तर वळणही कमी.

इथे एक आकडा लक्षात ठेवायला हवा. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. तिला ३४ अंश वळवायला साखरेला तब्बल २० सेंटीमीटरची नळी लागते. एका रेणूचा धक्का अगदी हलका, म्हणून कोट्यवधी रेणूंची रांग लावावी लागते. मेटासरफेसची गोष्ट याच अडचणीपासून सुरू होते: एकेक ‘रेणू’ इतका जोरकस करता येईल का, की एकाच थरात काम भागेल?

तागाच्या पिळातून सुरू झालेली कल्पना

हा प्रश्न वेगळ्या रूपात १९ व्या शतकाच्या शेवटी कोलकात्यात विचारला गेला. जगदीशचंद्र बोस तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये शिकवत होते. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओलहरींचं अस्तित्व प्रयोगाने दाखवलं होतं. तांब्याच्या समांतर तारांची जाळी लहरीच्या दिशेनुसार तिला अडवते किंवा जाऊ देते, हेही त्यांनी दाखवलं होतं. बोस यांनी यापेक्षा खूप लहान, ५ मिलिमीटर लांबीपर्यंतच्या लहरी तयार केल्या. लहरी लहान झाल्यामुळे प्रयोग टेबलावर मावू लागले.

बोस यांची उपकरणं साध्या वस्तूंची असत. त्यांनी लहरींची दिशा निवडण्यासाठी रेल्वेचं ब्रॅडशॉ वेळापत्रक वापरलं, पानांच्या मधे कथलाचे पातळ पत्रे घालून. पानांना समांतर दिशेची लहर अडली, आडव्या दिशेची पार गेली. दोरी आणि खिडकीच्या गजांच्या उदाहरणाच्या बरोबर उलट.

पुढचा प्रयोग आजच्या विषयाचा पाया ठरला. साखरेचं द्रावण प्रकाशाला वळवतं, मग रेडिओलहरींना वळवेल असं काही करता येईल का? साखरेचा रेणू रेडिओलहरीच्या मानाने इतका सूक्ष्म, की त्याचा पीळ तिला जाणवतच नाही. मग बोस यांनी मोठे ‘रेणू’ बनवले, पिळलेल्या तागाचे. काही जुड्या उजवीकडे पिळलेल्या, काही डावीकडे. उजव्या पिळाच्या जुड्यांनी लहर एका बाजूला वळवली, डाव्या पिळाच्यांनी उलट बाजूला. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळल्या तर परिणाम नाहीसा झाला. १८९८ मध्ये हा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

ताग आणि साखर यांच्यात रासायनिक नातं काही नाही. साम्य फक्त आकाराचं, म्हणजे पिळाचं. यातून निघालेला धडा मोठा होता. लहरीला कसं वागवायचं हे पदार्थ कशाचा बनलाय एवढ्यावरच ठरत नाही, तो कोणत्या आकारात मांडलाय यावरही ठरतं. आणि आकार माणसाच्या हातात आहे.

मग मेटासरफेस म्हणजे काय?

एक पातळ पृष्ठभाग. त्यावर ओळीने मांडलेले लाखो-हजारो छोटे घटक: धातूच्या पट्ट्या, चौकोन, कड्या किंवा सिलिकॉनचे सूक्ष्म खांब. प्रत्येक घटक ज्या लहरीसाठी बनवलाय, तिच्या लांबीपेक्षा लहान. घटक इतके जवळजवळ असतात की लहरीला ते सुटे दिसत नाहीत, सगळं मिळून एक अखंड पत्रा वाटतो. फक्त या पत्र्याचे गुण निसर्गाने नाही, तर आरेखन करणाऱ्याने ठरवलेले असतात.

अशा कृत्रिम पदार्थांवरचं संशोधन २००० सालाच्या आसपास वेगाने वाढलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या फेडेरिको कपासो यांच्या गटाने ‘व्ही’ आकाराच्या सोन्याच्या सूक्ष्म पट्ट्यांचा एकच थर वापरून प्रकाशाची वाट वळवून दाखवली. भिंगाला जे काम करायला जाडी लागते, ते काम लहरीपेक्षाही पातळ थर करू शकतो, हे त्यातून ठसठशीतपणे समोर आलं. त्यानंतर या विषयावर जगभर काम सुरू झालं.

एक पट्टी लहरीला कशी वळवते?

यासाठी झोपाळा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक झोपाळ्याची स्वतःची लय असते. त्याच्या लयीपेक्षा सावकाश ढकललं, तर तो हाताबरोबर येतो. लयीपेक्षा घाईने ढकललं, तर तो मागे पडतो आणि हात पुढे जाताना झोपाळा उलटा येत असतो. बरोबर लयीत ढकललं, तर तो पाव फेरीने मागे राहतो आणि झोका सगळ्यात मोठा होतो.

तांब्याची पट्टी हाही इलेक्ट्रॉनांचा झोपाळाच. लहर आली की पट्टीतले इलेक्ट्रॉन तिच्याबरोबर मागे-पुढे होतात आणि स्वतः नवी लहर सोडतात. पट्टी लांब असेल तर तिची लय संथ, आखूड असेल तर जलद.

आता पट्टी लांबट आयत आहे असं समजा. लांबीच्या दिशेने तिची लय संथ आणि रुंदीच्या दिशेने जलद. तिच्यावर तिरक्या दिशेची लहर पडली, तर त्या लहरीचे दोन भाग होतात, एक लांबीच्या दिशेचा आणि एक रुंदीच्या. पहिल्या भागाला पट्टी मागे पाडते, दुसऱ्याला जवळपास तसाच सोडते. दोन भागांत अंतर पडतं.

हे अंतर पाव फेरीचं असेल, तर सरळ हलणारी लहर गोल फिरू लागते. अर्ध्या फेरीचं असेल, तर एका बाजूला ४५ अंश तिरकी असलेली लहर दुसऱ्या बाजूला ४५ अंश तिरकी होते. म्हणजे थेट काटकोनात वळते. साखरेला ३४ अंशांसाठी लांबलचक नळी लागली होती. इथे काटकोनाचं वळण एका पत्र्यात मिळतं, कारण प्रत्येक पट्टी आपल्या लयीच्या जवळ काम करते आणि तिचा धक्का जोरकस असतो.

आकारमानाचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. हवामान रडारची सी-बँडची लहर साधारण साडेपाच सेंटीमीटर लांब असते. तिच्यासाठीची पट्टी एक-दोन सेंटीमीटरची आणि संपूर्ण पत्रा काही मिलिमीटर जाडीचा पुरतो. टीव्ही-मोबाईलमध्ये जे हिरवे सर्किट बोर्ड असतात, त्याच पद्धतीने तो छापता येतो. दिसणाऱ्या प्रकाशासाठी मात्र हेच घटक मिलिमीटरच्या काही दशहजाराव्या भागाएवढे लहान करावे लागतात. तिथे चिप बनवणाऱ्या कारखान्यांसारखी यंत्रं लागतात आणि खर्च वाढतो.

घरावरच्या डिशला याचा काय संबंध?

छतावरची टीव्हीची डिश हे पोलरायझेशनचं सगळ्यात जवळचं उदाहरण. उपग्रह एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वेगळे सिग्नल पाठवू शकतो, एक उभ्या दिशेचा आणि एक आडव्या. दिशा वेगळी असल्याने ते एकमेकांत मिसळत नाहीत आणि चॅनेलसाठी जागा दुप्पट होते. सेट-टॉप बॉक्स डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला १३ व्होल्ट दिला की ती उभी दिशा पकडते, १८ व्होल्ट दिला की आडवी.

डिश बसवणारा माणूस शेवटी एलएनबी हाताने थोडी फिरवून सिग्नल वाढतोय का बघतो, त्याचं कारणही हेच. डीडी फ्री डिशचे चॅनेल देणारा जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. धाराशिव साधारण ७६ अंश पूर्वेला. त्यामुळे इथली डिश जवळजवळ थेट आग्नेयेकडे तोंड करते. उपग्रहाची आडवी दिशा विषुववृत्ताला समांतर धरली, तर भूमितीच्या हिशेबाने ती धाराशिवमध्ये सुमारे ४२ अंश कललेली पोहोचते. एलएनबी तेवढी कलवली नाही, तर उभा आणि आडवा सिग्नल एकमेकांत घुसतात.

लहर गोल फिरणारी असेल, तर हा कलतेपणाचा प्रश्नच उरत नाही. म्हणून जीपीएसचे उपग्रह गोल फिरणाऱ्या लहरी पाठवतात. मोबाईल खिशात उभा असो, आडवा असो की उलटा, सिग्नल मिळतो. सरळ लहरीला गोल करायला आजवर अँटेनात वेगळे सुटे भाग किंवा जास्तीची सर्किटं लागत. मेटासरफेसचा एक पातळ पत्रा साध्या अँटेनासमोर लावून तेच काम करण्याचे प्रयोग आता संशोधनातला नेहमीचा विषय झाले आहेत.

पावसाचा थेंबही लहरीला ओळखीने वागवतो

चित्रात थेंब नेहमी अश्रूसारखा, वर टोक आणि खाली फुगीर असा काढतात. खरा थेंब तसा नसतो. साधारण मिलिमीटरभराचा थेंब गोल असतो. त्याहून मोठा झाला की हवेच्या दाबाने तो खालून चपटा होतो, बनपावासारखा. आडवा रुंद, उभा आखूड.

म्हणजे मोठा थेंब हा मेटासरफेसवरच्या लांबट पट्टीचाच भाऊबंद. आडव्या दिशेची लहर त्याच्यावरून जास्त परतते, उभ्या दिशेची कमी. पावसातून पुढे जातानाही आडवी लहर उभीपेक्षा किंचित मागे पडते. दुहेरी पोलरायझेशनचं रडार दोन्ही दिशांच्या लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीतला फरक मोजतं. फरक मोठा, तर थेंब मोठे आणि चपटे. गारा मात्र पडताना गटांगळ्या खातात, त्यामुळे दोन्ही दिशांना जवळपास सारख्याच दिसतात. प्रतिध्वनी जोरदार आहे पण दोन दिशांत फरक नाही, हा गारांचा इशारा असू शकतो. फक्त प्रतिध्वनीची ताकद मोजणाऱ्या जुन्या रडारला मुसळधार पाऊस आणि गारा यांतला हा भेद करणं अवघड जात असे.

मराठवाड्याला हा भेद किती महाग पडू शकतो, हे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसलं. गारपिटीने रब्बी पिकं आणि द्राक्षबागा झोडपून काढल्या.

या भागात असं रडार वापरलंही गेलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१८ आणि २०१९ मध्ये शेजारच्या सोलापूरला कृत्रिम पावसाचा शास्त्रीय प्रयोग केला. ढगांत बीजारोपण केल्यावर पाऊस खरंच वाढतो का, हे तपासण्यासाठी तिथे सी-बँडचं दुहेरी पोलरायझेशन रडार उभारलं होतं. सोलापूर आणि धाराशिव दोन्ही पर्जन्यछायेच्या पट्ट्यातले जिल्हे. ढग दिसतात, पण पाऊस पडेलच असं नाही. अशा ठिकाणी ढगात काय चाललंय हे बाहेरून ओळखायला लहरींची दिशा हाच एक मोठा धागा असतो.

ढगांच्या वरून शेत कसं दिसतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये चित्र उलटं झालं. टँकरसाठी ओळखल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. परंडा, भूम भागात नदीकाठच्या वस्त्या पाण्याने वेढल्या आणि काही ठिकाणी अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. उभं सोयाबीन पाण्यात गेलं.

अशा दिवसांत साधे कॅमेरे असलेले उपग्रह निरुपयोगी ठरतात. नुकसान होतं तेव्हाच आकाश ढगांनी भरलेलं असतं. रडारच्या लहरी मात्र ढगांतून आरपार जातात, रात्रीही काम करतात. आणि परत आलेल्या लहरीची दिशा बदलली का, हे पाहिलं की खाली काय आहे ते कळू लागतं.

शांत पाणी आरशासारखं असतं. तिरकी येणारी लहर पलीकडे निसटते आणि उपग्रहाला पाणी काळं दिसतं. नांगरलेली जमीन लहर परतवते, पण तिची दिशा फारशी बदलत नाही. दाट पिकात मात्र लहर पानं आणि फांद्यांमध्ये अनेकदा आपटते आणि उभी गेलेली लहर काही प्रमाणात आडवी होऊन परत येते. पाण्यात उभ्या असलेल्या जाड ताटांची तऱ्हा आणखी वेगळी. लहर आधी पाण्यावर, मग ताटावर आपटून सरळ माघारी येते. म्हणजे एकाच चित्रात पाणी, मोकळी जमीन आणि उभं पीक वेगळं करता येतं.

युरोपचे सेंटिनेल-१ उपग्रह २०१४ पासून असा डेटा सर्वांना मोफत देतात. भारताने २६ एप्रिल २०१२ रोजी सोडलेल्या रिसॅट-१ उपग्रहात गोल फिरणारी लहर पाठवायची आणि परतताना उभी-आडवी अशी दोन्ही रूपं टिपायची, ही पद्धत वापरली होती. एकाच प्रकारची लहर पाठवून जास्त माहिती मिळवण्याचा तो मार्ग होता. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह सुमारे २४ सेंटीमीटर आणि ९ सेंटीमीटर अशा दोन लांबीच्या लहरी वापरतो आणि १२ दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा जातो. जमिनीतला ओलावा आणि पिकांची वाढ हे त्याच्या अभ्यासाचे विषय आहेत.

हे फक्त वैज्ञानिकांपुरतं उरलेलं नाही. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत उत्पादनाचा अंदाज बांधताना उपग्रह आणि अन्य तंत्रज्ञानावर आधारलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्याची पद्धत खरीप २०२३ पासून देशपातळीवर भात आणि गव्हासाठी सुरू झाली. पुढे त्यात सोयाबीनही आलं. धाराशिवसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. आकाशातून घेतलेलं माप चुकलं, तर त्याचा फटका भरपाईला बसू शकतो. म्हणून हे माप कशावर उभं आहे, ते शेतकऱ्यालाही माहीत असायला हवं. पीक कापणी प्रयोग जसा बांधावर उभं राहून बघता येतो, तसं हे बघता येत नाही. त्यामुळे प्रश्न विचारण्यापुरती तरी समज हवीच.

मग या रडारांत आणि उपग्रहांत मेटासरफेस आहे का?

वर सांगितलेली रडारं आणि उपग्रह पोलरायझेशन वापरतात, पण त्यासाठी मुख्यतः पारंपरिक अँटेना आणि सर्किटं आहेत. निसारवरची जाळीदार छत्री १२ मीटर व्यासाची आहे. ती घडी करून नेली आणि अंतराळात उघडली. मेटासरफेसकडे संशोधकांचं लक्ष लागलंय ते इथेच. दिशा निवडणं, वळवणं, गोल करणं ही कामं सपाट, हलक्या पत्र्यावर आली, तर अँटेना स्वस्त होतील, छोट्या उपग्रहात मावतील आणि तालुक्या-तालुक्यात छोटी रडार बसवणं सोपं होईल.

दुसरी दिशा आहे बदलत्या मेटासरफेसची. प्रत्येक पट्टीला छोटा डायोड जोडला, तर व्होल्टेज बदलून पट्टीची ‘लय’ बदलता येते. मग तोच पत्रा आता उभी, पुढच्या क्षणी आडवी, नंतर गोल लहर देऊ शकतो. कुठलाही भाग हलवायला नको. ६जी मोबाईलसाठी इमारतींच्या भिंतींवर असे पत्रे लावून सिग्नल कोपऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या कल्पनेवर जगभर काम चालू आहे.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण त्याच झोपाळ्याची. पट्टी आपल्या लयीजवळ जोरकस असते, म्हणून फ्रिक्वेन्सी थोडी सरकली की परिणाम बिघडतो. रुंद पट्ट्यात काम करायचं तर घटकांचे आकार गुंतागुंतीचे करावे लागतात किंवा एकावर एक थर द्यावे लागतात.

दुसरी, लहर समोरून आली तर पत्रा नीट वागतो, खूप तिरकी आली तर त्याचं गणित बदलतं. तिसरी, धातूत काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. प्रकाशाच्या बाबतीत हे नुकसान मोठं असतं, म्हणून तिथे धातूऐवजी सिलिकॉनसारखे पदार्थ वापरतात. चौथी अडचण उघड्यावरची. मराठवाड्याच्या मे महिन्यातल्या उन्हात पत्रा तापून किंचित फुगला, त्यावर धुळीचा किंवा पाण्याचा थर बसला, तर लय सरकते. प्रयोगशाळेतला आकडा शेताच्या बांधावर टिकतोच असं नाही.

आणि एक मर्यादा कायमची आहे. मेटासरफेस लहरीला नवी ऊर्जा देत नाही. आहे त्या लहरीची मांडणी बदलतो. कमकुवत सिग्नल त्याने आपोआप जोरदार होत नाही. डायोड लावलेल्या पत्र्यालाही वीज लागते ती मुख्यतः पट्ट्यांची लय बदलायला.

थोडक्यात

लहरीत ताकद आणि फ्रिक्वेन्सी यांच्याबरोबर दिशेचीही माहिती असते. साखरेचा रेणू, तागाचा पीळ, पावसाचा चपटा थेंब आणि सोयाबीनचं दाट पीक, सगळे आपापल्या आकाराने ही दिशा बदलतात. निसर्गातले आकार जसे आहेत तसे स्वीकारावे लागतात. मेटासरफेसमध्ये आकार आपण ठरवतो.

पुढच्या काही वर्षांत हे पत्रे प्रयोगशाळेतून बाहेर किती येतात, हे त्यांच्या किमतीवर आणि उन्हापावसात टिकण्यावर ठरेल. दिशेची भाषा वाचणारी रडारं आणि उपग्रह मात्र आजच डोक्यावर आहेत. त्यांनी काढलेल्या चित्रात आपल्या गटाचं शेत पाणी म्हणून दिसलं की पीक म्हणून, हा प्रश्न यापुढे पंचनाम्याइतकाच महत्त्वाचा ठरणार आहे.